बारीक आवाज

अनसूयेला तो आधी ऐकू आला,
अशोक चौकाच्या सिग्नलला.
"अहो, गाडी काहीतरी दळतेय," म्हणाली,
"जात्यात खडा आल्यासारखी."
मी काच खाली करून कान बाहेर काढला.
रिक्षा, ट्रकचा हॉर्न,
आणि रसवंतीच्या चाकावरची घुंगरं,
ती मला हलताना फक्त दिसली.
दळण नाही.

एकतीस वर्षं चादरीच्या मागांवर उभा होतो,
सोळा दुसऱ्याच्या, मग स्वतःच्या चार मागांवर.
धोटा इकडनं तिकडं, तिकडनं इकडं,
आणि प्रत्येक फेरीला कानातनं
थोडं थोडं काहीतरी घेऊन गेला.
आधी चिमण्या,
मग शेजारच्या कुकरची शिट्टी,
मग नातीनं कानात सांगितलेलं गुपित.
जाड आवाज उरले. ढोल ऐकू येतो.
बायको रागावली तर तीही येते.

माग भंगारात गेले, त्या पैशातनं ही गाडी.
सेकंडहँड, करडी,
मागच्या काचेवर आधीच्या मालकाच्या मुलीचं नाव, स्नेहल.
खरवडून निघालं नाही. म्हटलं, राहू दे.

दोन महिने अनसूया सांगत राहिली.
सात रस्त्याला सांगितलं, आसरा चौकात सांगितलं,
होटगी रोडवरच्या लग्नाहून परतताना अर्धवट झोपेत सांगितलं.
मी म्हणायचो, धूळ असेल.
सोलापुरात काहीही धूळ म्हणून खपतं.

तुळजापूरहून घाट उतरताना, दुसऱ्या वळणावर,
पाय खाली गेला.
गेला तो गेलाच,
अंधारात नसलेल्या पायरीवर टाकावा तसा.
पुढे कडब्यानं भरलेली ट्रॉली, निवांत, डुलत.
दुसरा गिअर, पहिला, हँडब्रेक दोन्ही हातांनी.
अनसूया एक शब्द बोलली नाही.
प्रसादाचा नारळ तेवढा पायाशी गडगडत होता,
तो मला ऐकू आला.
मग रस्त्याकडेचा मुरमाचा ढीग,
त्यात आम्ही शिरलो, थांबलो.
ट्रॉली वळणाआड गेली.
तिला कशाचा पत्ताच नाही.

अक्कलकोट रोडला मैनुद्दीनच्या गॅरेजात रांग होती.
बिराजदार सर म्हणाले, आवाज यायला लागला तेव्हा
मी गाण्यांचा आवाज वाढवला.
कंदलगावच्या पोरानं चाकावर बादलीभर पाणी मारलं होतं,
कुणीतरी सांगितलं म्हणून.
हिरेमठ बाईंची गाडी गॅरेजच्या दाराशी आली की गप्प व्हायची,
डॉक्टरच्या दारात पोरांची पोटदुखी थांबते तशी,
आणि बाई समाधानानं परत फिरायच्या.
या सगळ्यांना ऐकू आलं होतं.
न ऐकणारा मी एकटा.
बाकडं मात्र एकच, उन्हात.

मैनुद्दीननं ब्रेकचा पॅड हातात दिला.
अस्तर संपलेलं, नुसतं लोखंड.
डिस्कवर गोल गोल चरे.
मी अंगठा फिरवला.
हे मला वाचता येतं.
तुटलेल्या ताण्याची रेघ अशीच लागते बोटाला,
कापड बरंच पुढं निघून गेल्यावर.

"ही बघा चाचा," तो म्हणाला, नखाएवढी पत्र्याची पट्टी,
"हिला काम एकच. पॅड झिजला की डिस्कला घासायचं
आणि ओरडायचं. कंपनीच बसवून देते."
नुसतं ओरडायला?
"नुसतं ओरडायला."
तिचं टोक झिजून चकचकीत झालं होतं,
आमच्या जुन्या धोट्याच्या टोकासारखं.
मी ती खिशात टाकली. तो काही बोलला नाही.

आता चौक आला की मी ब्रेक दाबतो, विचारतो,
"येतोय का?"
अनसूया मान तिरकी करते,
एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या धरून ठेवते.
तेव्हा मला आठवतं, त्या वाजतात.
"नाही," म्हणते,
आणि तरी थोडा वेळ तशीच ऐकत राहते.
मागचे हॉर्न देतात.
सिग्नल कधीच सुटलेला असतो.