वीतभर पाला

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरताना
सरकारी विश्रामगृहाचं कुंपण लागतं, कोयनेलचं.
लांबून हिरवंगार.
आत हात घाला, कोपरापर्यंत:
वीतभर पाला, पुढे नुसत्या काटक्या,
एक सोडून दिलेलं पोळं,
कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.

साहेब येणार म्हटलं की दोरी बांधायची,
दोरीवरचं उडवायचं.
वीस वर्षं असंच.
माथा रुंदावत गेला, बुडाशी ऊन पोचेना,
हे मला केरू मोचेमाडकरांनी सांगितलं
मी रोजंदारीवर लागले त्या दिवशी,
कात्रीला खोबरेल चोळता चोळता.

भगदाडं तीन.
गेटाजवळचं जीप मागे घेणाऱ्यांचं.
मधलं पिएदादबाईच्या ओल्या चादरींचं.
पश्चिमेचं खाऱ्या वाऱ्याचं,
त्याला मेमो देता येत नाही.

जानेवारीत धाकटे इंजिनिअर आले,
तिन्ही भोकांत तोडलेल्या फांद्या खोचल्या,
सुतळीनं आवळल्या.
दुसऱ्या दुपारी पानांचे पापड झाले.
साहेब आलेच नाहीत.

मग शिमग्याआधी केरूकाका म्हणाले,
"आता गुडघ्याएवढा ठेव."
मला वाटलं, मस्करी.
"नखान साल खरवड. हिरवा दिसला तर जित्ता आसा."
मी खरवडत गेले, कापत गेले,
करड्या सालीखाली पोपटी रेघ,
पुन्हा पोपटी, पुन्हा,
पश्चिमेला मात्र भुसा.

तिथं त्यांनी शेजारची फांदी वाकवली,
पोटाशी छेद दिला,
मातीत दाबून वर जांभ्याचा चिरा ठेवला.
"उचलून बघू नको."

दोन महिने कुंपण म्हणजे
न्हाव्यानं अर्ध्यावर सोडलेलं डोकं.
बाजारातून परतणाऱ्या बायका
रिकाम्या पाट्या कमरेवर ठेवून थांबायच्या,
बनियनवर दात घासणारे पाहुणे बघायच्या,
हसायच्या.
तक्रारवहीत तीन तक्रारी.
मी विहिरीचं पाणी ओढत राहिले,
बुंध्याला शेणखत, वर माडाच्या झावळ्या,
आणि पिएदादबाईला खांबाखांबाला दोरी.
ती आठ दिवस बोलली नाही.

मग खोडांवर
तांदळाच्या कणीएवढं काहीतरी.
मी कुणाला सांगितलं नाही.
कणीची पानं झाली
तेव्हा केरूकाकांनीच दाखवलं:
बूड रुंद, माथा निमुळता,
पातळ्यांच्या निऱ्यांसारखं खाली फुलू द्यायचं.
दोरी त्यांनी गुंडाळून माळ्यावर टाकली.

आता साहेब येणार असले
की लोक विचारतात, कापणार ना?
कापणार. थोडंसं. आतून.

चिऱ्याचं म्हणाल तर
मी रोज उचलते.
सकाळी, काका चहाला गेले की.
काल फांदी हळूच ओढून पाहिली.
तिनं ओढू दिलं नाही.