थंड माळी

एकतीस वर्षं मी ट्राम चालवली, वूच शहरात.
अकरा नंबर. पहाटे चार बावन्नला डेपोबाहेर.
दोन मिनिटं उशीर झाला की वहीत लाल शाई.
म्हणून निवृत्तीनंतर
रुळांमागचा हा जमिनीचा तुकडा वाट्याला आला,
तेव्हा मी आधी वेळापत्रक आखलं:
मुळा, पंचवीस दिवस.
शेपू, चाळीस.
गाजर, पाकिटावर लिहिलं होतं, सत्तर ते नव्वद.
(हे ‘ते’ मला तेव्हाच खटकलं होतं.)

गाजराचं बी इतकं बारीक असतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.
बोटाच्या रेषेत अडकून बसतं,
एक शिंक आली की अर्धा हंगाम हवेत.
मी चिमट्याने पेरलं. एकेक. पट्टी लावून.
शेजारून लुदोमिराबाई बघत होत्या.
हसल्या नाहीत;
नुसता चष्मा पुसला.

मे लागला. आठ दिवस सलग ऊन.
खिडकीत वाढवलेली टोमॅटोची बावीस रोपं
कागदी पेल्यांत, प्रत्येकावर नंबर,
मी बाहेर आणली.
‘थंड माळी यायचेत अजून,’ त्या कुंपणावरून म्हणाल्या.
‘कोण माळी?’
‘पांक्रात्सी, सेर्वात्सी, बोनिफात्सी.
बारा, तेरा, चौदा.
आणि मागोमाग पंधराला झोश्का, ती तर गारठलेलीच.
संत आहेत सगळे.
रोपांशी मात्र संतासारखं वागत नाहीत.’
मी मोबाइलवरचा अंदाज दाखवला.
त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, मान डोलावली,
आणि आपली रोपं उचलून परत आत नेली.

तेराच्या रात्री वारा पडला.
सकाळी गवत पांढरं,
आणि पानं उकडलेल्या पालकासारखी,
माना टाकलेली. बावीसच्या बावीस.
नंबर तेवढे उभे.

खरं सांगायचं तर रडू आलं नाही.
मला तक्रार नोंदवायची होती
आणि खिडकी कुठे आहे ते कळेना.

सोळा तारखेला कुंपणाच्या खांबापाशी
दह्याचे चार डबे, प्रत्येकात एक रोप.
चिठ्ठी नाही. ‘सांगितलं होतं ना’ नाही.
डबा उलटा करून पाहिला:
बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं.
माझ्या पेल्यांना मी ती पाडलीच नव्हती.

मुळे पंचविसाव्या दिवशी आले नाहीत.
एकतिसाव्याला आले, आले ते सगळे एकदम,
संप मिटल्यावरच्या प्रवाशांसारखे.
एकाचं तिकीट गोगलगायीने आधीच पंच केलं होतं.
चिमट्याने पेरलेल्या दोनशेतून गाजरं अकरा.
अकरा!
मी एकटाच हसलो, हातात खुरपं घेऊन.

शेपू मी ओळीत पेरला, तिथे उगवला नाही.
उगवला बादलीमागे, पायरीच्या फटीत, वाटेच्या मधोमध,
माझ्या आधीच्या कुणीतरी कधीकाळी झटकलेला.
आणि चुका,
तो तर न पेरताच आला.
उपटला तरी आला, पुन्हा आला,
शेवटी म्हटलं, ये बाबा.
त्याचं आंबट सूप केलं,
वर अर्धं अंडं, कातरलेला शेपू,
एक वाडगं कुंपणापलीकडे दिलं.

लुदोमिराबाईंनी चमचा बराच वेळ तोंडात धरला.
‘मीठ कमी,’ म्हणाल्या.
मग थोड्या वेळाने,
‘अजून आहे?’

आता शेडमध्ये वेळापत्रकाचा कागद पसरलाय,
त्यावर शेपूचं बी वाळतंय.
मुळा झाकला गेला, पंचवीस झाकले,
सत्तर झाकले, नव्वद झाकले.
मधला ‘ते’ दिसतो अजून.
बी कधी भरून ठेवायचं
ते विचारायला हवं पलीकडे.