रुपयाला एक आणा

उद्यमनगरात तेव्हा रस्ते नव्हतेच.
शेडं होती, शेडांमधून राखेची वाट,
आणि आठवड्यातून दोनदा भट्टी फुटली की
भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या एकदम थोर व्हायच्या.

मी कारकून. बोटांना शाई, बाकी स्वच्छ.
मालकांनी फॉर्मांचा गठ्ठा दिला, म्हणाले,
दिल्लीचा कायदा आलाय, दिवाळीआधी भरून घे.
रुपयाला एक आणा त्यांचा, एक आणा आपला.
‘आपला’ म्हणताना ते जरा थांबले.

पहिला रकाना नाव. ते सगळ्यांना होतं.
दुसरा जन्मतारीख.
इलाही मुल्लाणी म्हणाला, मानमोडीच्या आदल्या साली धर.
रावबा लोहार म्हणाला, खासबागेच्या मैदानाला
दगड फोडत हुते, तवा मी रांगत हुतो.
दौलू नुसता हसला.
मी सगळ्यांना एक जून दिला.
त्या दुपारी बावन्न माणसं एकाच दिवशी जन्मली
आणि एकाही घरी साखर वाटली नाही.

मग अंगठा. मी शाईचा पॅड पुढे केला तर
रावबा म्हणाला, कशाला, साच्याची माती हाय की.
कागदावर काळा वाटोळा डाग उमटला,
आत एक रेघ नाही.
तापल्या लोखंडानं कधीच्या पुसून टाकलेल्या.
असला अंगठा सरकारला चालेल का,
मला त्याचीच काळजी.

शेवटचा रकाना: आपल्या पश्चात रक्कम कोणास द्यावी.
मी मोठ्यानं वाचलं.
‘म्हंजे आमी मरणार, ह्ये तितं दिल्लीत ठरलंय?’
दौलूनं विचारलं आणि शेड हसली. मीही.
हसणं विरलं तसं एकेकाचं लक्ष दाराकडे गेलं.
तिथं डालड्याचा डबा टांगलेला,
झाकणाला छिन्नीनं पाडलेली फट.

अण्णू चौगुलेच्या पायावर रस सांडला त्या सालापासून
पगाराच्या शनिवारी त्यात एकेक आणा पडायचा.
हिशेब भिंतीवर, कोळशानं.
अण्णूच्या बायकोला अकरा महिने जोंधळे,
मग कुणीतरी भिंतीला चुना दिला.
बुडवणारेही होते.
त्यांना दोन दिवस कोणी चहाला हाक मारत नसे,
तेवढाच दंड.

सोनाबाई आवळे कोर करायची. ओळीत शेवटची.
‘माझ्या मागं कोन न्हाई. एक मांजर हाय,
ती बी शेजारनीची.’
रिकामं सोडू?
ती दाराकडे बघत राहिली.
‘डब्याचं नाव लिव्ह.’
डब्याचं चालत नाही बाई, माणूस लागतं.
‘मग अण्णूच्या थोरल्या पोरीचं लिव्ह.’
नातं?
‘एकच भट्टी.’
एवढं मावेल असा रकाना नव्हता.
मी ‘भाची’ लिहिलं. बावन्न खोट्या जन्मांनंतर
हे एक जास्तीचं काय जड होतं.

उठताना तिनं विचारलं, आनि त्या?
शेडाच्या मागं माती चाळणाऱ्या सात बायका.
हजेरीच्या वहीत नव्हत्या, त्यामुळे कायद्यात नव्हत्या.
मी गठ्ठा उलटा करून दाखवला. फॉर्म संपले होते.
ते खरंच संपले होते, हे मला अजूनही
कुणाला तरी सांगावंसं वाटतं.
त्या शनिवारी पगारातून आणा कापला गेला,
आणि डब्यातही आवाज झाला,
आधीपेक्षा कमी, पण झाला.

पुष्कळ वर्षांनी एक बाई इचलकरंजीहून आली,
हातात सरकारी पाकीट, चष्मा कपाळावर.
पावतीवर सुरेख सही केली, खाली तारीख घातली.
मग विचारलं, ह्या मावशी कोण हो? आईनं कधी सांगितलं नाही.
दिसायच्या कशा?

मी आठवून पाहिलं. चेहरा येईना.
हात आठवले,
आणि त्यांना येणारा जवसाच्या तेलाचा वास.