डावा कान

ग्रीनॉकच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
कपाटाएवढी एक खोली आहे, भिंतींना स्पंज लावलेली.
आत मी. डोक्यावर जाड हेडफोन, हातात बटण.
काचेपलीकडे मिस फर्कर.
‘बारीकशी पिप ऐकू आली की दाबा,’ म्हणाली.
‘आणि डाव्यानं कमी येतंय, ते कधीपासून?’

कधीपासून.
बाई, तारीख सांगू?

चौऱ्याहत्तर साली, नगरभवनात,
सेंगानं, माझ्या थोरल्या बहिणीनं,
माझ्या कानांत कापसाचे बोळे कोंबले
आणि मला बटाट्यांच्या खोक्यावर उभं केलं.
अकरा वर्षांचा होतो.
ड्रमचा पहिला ठोका पोटात आला, कानात नाही.
मग हळूच एक बोळा काढला.
डावा,
कारण उजव्या अंगाला सेंगा होती
आणि तिचं लक्ष.

ब्याऐंशी. ग्लासगो, गॅलोगेटवरचा बॉलरूम.
तिथली लाकडी जमीन खालीवर होते;
दोन हजार माणसं उडाली की तुम्ही न उडता उडता.
मी आणि मर्डो, स्पीकरला खेटून, डावीकडे.
शेवटची गाडी चुकली.
पंचवीस मैल, वरून बर्फाळ पाऊस,
आणि दोघांत मिळून तीन बूट.
काय वाजलं त्या रात्री? एक ओळ आठवत असेल तर शपथ.
बूट आठवतो. नवा, आईनं हप्त्यावर घेतलेला.
तिच्यासमोर कानाला खडा लावला,
पुढल्या महिन्यात पुन्हा रांगेत.

पिप.
दाबलं.

मग मी बोटीवर लागलो, इंजिनखान्यात.
एका नोव्हेंबरात टायरी बेटाला बोट लागेचना.
वारा असा, की धक्का दिसतोय आणि जवळ जाता येत नाही.
रात्रभर समोर घिरट्या.
वर उपाहारगृहात लग्नाला निघालेले वाजंत्री अडकलेले,
दोन फिडल, एक अकॉर्डियन.
खाली मला काय ऐकू येणार, इंजिनाच्या तोंडाशी?
पण सहज नळीवर हात टेकला,
तर त्या ओळखीच्या थरथरीत
दुसरीच एक थरथर. तिरकी, घाईची, हसरी.
आणि छतावर साठ माणसांचे पाय.
बेटावर नवरी वाट बघत होती
आणि तिची वरात माझ्या डोक्यावर नाचत होती.
तळहातात प्राण आणून ऐकलं मी
पहाटे पाचपर्यंत.
यादीत ही मैफल धरायची का, ते तुम्ही ठरवा.

दोन हजार चार. पुन्हा तोच बॉलरूम.
तिकिटं दोन, कारण फेब्रुवारीत काढली होती,
आणि मर्डो मे महिन्यात गेला.
त्याच्या बायकोनं त्याचा कोट माझ्या हातात दिला,
‘निदान हा तरी जाऊ दे,’ म्हणाली.
बसायचा कार्यक्रम असता तर शेजारच्या खुर्चीवर ठेवला असता.
उभ्या गर्दीत मोकळी जागा राखता येत नाही,
पाणी शिरावं तशी माणसं शिरतात.
म्हणून वर धरला. डाव्या हातात, दोन तास.
हात बधिर झाला, मग कान,
मग काय बधिर झालं ते कळेना.

पिप नव्हती बहुतेक. दाबलं तरी.

‘आत्ता काही वाजवलं नव्हतं मी,’ मिस फर्कर म्हणाली.
कागदावर माझा आलेख उतरत गेलेला,
ओहोटीच्या वेळी बोटीची फळी उतरते तसा.
पेन बाजूला ठेवून ती काचेतून बघत राहिली
जरा जास्तच वेळ.
मग दार उघडून आत आली.
‘त्या रात्री मी होते तिथे. एकोणीस वर्षांची.
पगारातले पैसे साठवून तिकीट घेतलं होतं.
समोर एक लांबुडका माणूस,
आख्खा वेळ हात वर. मला गायक दिसलाच नाही.
मी दोन तास एक कोट पाहिला.’

काय म्हणावं? माफी मागितली.

‘हिरवा होता ना?’
‘तपकिरी,’ मी म्हणालो. ‘दिव्यांमुळे वाटला असेल.’
‘अस्तर फाटलं होतं.’
‘हो. फाटलं होतं.’

तिनं हेडफोन नीट बसवले,
उजव्या कानावर किंचित दाबून.
‘आता हा,’ म्हणाली.