सतरा नंबर

चोपड्यात, बसस्टँडमागच्या दुकानात
तीन भोंगे काउंटरवर मांडलेले.
एक स्वस्त, पण रिमोट केळीच्या चार सऱ्यांपलीकडे पोचत नाही.
दुसऱ्याची बॅटरी रातभर टिकते,
ससा मात्र पत्र्यासारखा ओरडतो.

रुबाब तडवी दोन्ही तळवे तोंडाशी नेतो,
मग खाली घेतो.
दात पडल्यापासून त्याचं करडू खोटं वाटतं,
असं साहेबच म्हणाले, बिबट्याचा पिंजरा लावताना.

तिसरा लावा. सतरा नंबर.

रस्त्यापलीकडे
वांग्यांची देठं चघळणारी शेळी थांबली.
रिक्षा, मोटारसायकली, कशालाच न जुमानता
उंबऱ्याशी येऊन उभी राहिली,
सडांतून दूध ठिबकत.

"हाऊच ल्या," दुकानदार हसला.

रुबाब पैसे मोजतो, परत मोजतो.
विचारतो,
हा बंद कुठून होतो?