बिनमाशाची टाकी

टाकीत मासा नाही.
हे आधीच सांगितलेलं बरं,
कारण येणारा प्रत्येक जण चप्पल काढता काढता वाकतो,
काचेला नाक लावतो
आणि माझ्याकडं वळून विचारतो, "मासं कुठं हायत?"

गवत आहे.
समुद्रातलं, पाण्याखालचं,
जोडीजोडीनं येणारी पानं, करंगळीच्या नखाएवढी.
जयगडच्या खाडीत जाळ्याला अडकून आलेला मूठभर गुंता
अशफाक होडेकरनं दुधाच्या किटलीत घालून दिला,
सोबत तिवराचं एक रोप, ओल्या गोणपाटात.
किटली मांडीवर धरून मी आंबा घाट चढले.
शेजारची बाई म्हणाली, "तूप का?"

सांगलीत समुद्र कुठला.
कृष्णेचं पाणी नळाला येतं, ते रात्रभर उघडं ठेवायचं,
मग मीठ, लिटरला पस्तीस ग्रॅम,
कचेरीतल्यासारखंच काट्यावर.

कचेरीत मी माती तपासते.
कसबे डिग्रज, बावची, कवठेपिरान,
अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या,
आत चिठ्ठी, चिठ्ठीवर गट नंबर.
आकडा बघून शेरा लिहायचा: क्षारपड.
एकदा चिठ्ठीवर आमचाच गट नंबर होता,
अक्षर भूपालचं.
मी दोनदा तपासली.
तिसऱ्यांदाही तपासली असती, पण रांग होती.

आई चार महिने टाकीकडं फिरकली नाही.
"आपल्यात जीव कोंडून ठेवत नाहीत."
जीव नाही गं, गवत आहे.
"गवताला जीव नसतो?"
यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

गवत तर मरतच होतं.
पानं आधी तपकिरी, मग काचेसारखी,
मग नाहीतच.
दिवा बदलला, वाळू चार बोटं केली,
मुळं उकरून बघावीशी वाटली, हात आवरला.
नुसत्या वाळूवर उजेड पाडून
मी रात्री नऊपर्यंत बसून राहायची.
एक दिवस मागून आईचा आवाज:
"वरनं घालतेस ते पाणी गाळून घेतलंस का?"
आणि तिनंच गाळणं आणलं, पांढरं, दुहेरी.

टाकीतलं पाणी रोज थोडं थोडं उतरतं.
काचेवर पेनाची खूण आहे,
तिथवर भरायचं ते गोडं पाणी, फक्त गोडं.
कारण पाणी उडतं,
मीठ उडत नाही.
एवढं कळायला आमच्या रानाला तीस वर्षं लागली.
ऊस डोक्यावर गेला होता तोवर
पाटाचं पाणी मोजायला कोण बसलंय?

पाडव्याला भूपाल आला.
तोवर काचेच्या कडेनं एक दोरा धावत सुटला होता,
पांढरा, वाळूतून,
गाठीगाठीला दोन पानं घेऊन.
त्यानं तो बघितला की नाही कोण जाणे,
तो बघत होता कोपऱ्यातलं तिवर.
पानावर बोट फिरवलं, जिभेला लावलं.
"हे मीठ भाईर टाकतंय की."
मग बराच वेळ काही बोलला नाही.
चहा गार झाला.

पुढच्या रविवारी रंगाची बादली घेऊन आला,
आत खालच्या तुकड्यातली माती, जिथं आता हरळीही धरत नाही.
चिठ्ठी नव्हती.
"तपासायची न्हाई. ह्यात लाव ते."
मी म्हटलं, अरे, ह्याला भरती लागते, ओहोटी लागते,
दिवसातनं दोनदा पाणी चढायला पाहिजे, उतरायला पाहिजे.
"मग?"
मग काय, मला कामाला जायचं असतं.

स्वयंपाकघरातनं आई म्हणाली, "मी हाय की."

सकाळी देवळातनं आल्यावर एक तांब्या,
दिवस मावळायच्या आत दुसरा,
गाळून, मग मीठ घालून.
मीठ मात्र ती चिमटीनं घालते, काटा वापरत नाही,
त्यावरून आमचं रोज वाजतं.

तिवराला नवी दोन पानं आहेत.
एक जरा पिवळं वाटतंय.