तपकिरी

माझ्या टेबलावर बाई येत नाही.
तिचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा येतो,
मेणाच्या चौकोनात बसवलेला.
बाटलीवर यल्लव्वा, कन्नडात.
फॉर्मवर यल्लूबाई, मराठीत.
मुक्काम अक्कोळ, तालुका निपाणी, वय एकावन्न, काम विड्या.
काचेवर मी पेन्सिलीनं नुसता आकडा घालते, चौदाशे बहात्तर.
आकड्यावर कुणाचा वाद नाही.

लेक घेऊन आली होती बाटली,
पहिल्या एसटीनं, पिशवीत दोन्ही हातांनी धरून.
म्हणाली, आईला दुखत न्हवतं काय बी.
नुसतं पाणी जायाचं. वरीसभर.
सुपावरनं उठताना लुगडं मागनं बघायची,
आणि बसायची परत.

चार मायक्रॉनचा काप कोमट पाण्यावर सोडते.
ब्रशनं सुरकुती काढते.
दुसऱ्या रेल्वे गेटावरून मालगाडी गेली की
टेबल थरथरतं, मी हात उचलून थांबते.

मॅडमच्या अभ्यासाचं काम हे, रिपोर्टचं नाही.
रिपोर्ट कालच गेला.
मॅडम सांगतात: पेशी पेशीला चिकटते तिथं शिवण असते,
क्लॉडिन त्या शिवणीतलं एक प्रथिन.
पाण्याला, मिठाला कुठून जाऊ द्यायचं
आणि कुठं अडवायचं, ते ठरवतं.
मला कोगनोळीचा नाका आठवतो,
मग तो नाही,
यल्लूबाईचं नख आठवतं, जे मी पाहिलेलं नाही.
पानात तंबाखू भरून दोरा गुंडाळायचा
आणि विडीचं तोंड नखानं आत मुडपायचं.
दिवसाला हजार तोंडं मिटायची.
एखादं उघडं राहिलं की चेकर म्हणणार, छाट.
त्या विडीचे पैसे नाहीत.

रात्रभर अँटिबॉडी. सकाळी धुणं, मग रंग.
जिथं क्लॉडिन तिथं तपकिरी.
(तपकिरीचा रंग म्हणून तपकिरी,
हे नाव निपाणीच्याच मातीतलं वाटतं मला,
कुणी कुठून आणलं असेल ते असो.)

कापाच्या या कोपऱ्यात अजून धड आहे सगळं.
पेशीपेशीच्या कडेनं बारीक रेघ,
सुईनं ओढल्यासारखी. जाळी.
जरा पुढं रेघ जाड होते, गडद,
आजार लागलाय आणि क्लॉडिन वाढलंय,
जणू चोराची चाहूल लागून
घरभर कड्या बसवल्यात कुणी.
आणि खाली, पापुद्रा फोडून पेशी मांसात उतरल्या तिथं
कडेला रेघच नाही.
तपकिरी सगळी पेशीच्या पोटात.
कुलपं आहेत, ढीगभर आहेत,
दारांना नाहीत.

मॅडम विचारतात, किती?
मी सांगते, तीन.
तीन म्हणजे भरपूर.
कुठं, ते लिहायला तक्त्यात रकाना नाही.
मी समासात लिहिते, बारीक अक्षरात:
आत. कडेला नाही.
मॅडम चष्मा वर करून दोनदा वाचतात,
आणि उरलेल्या अकरा काचा परत मागवतात.

दुपारी खिडकीशी लेक.
रिपोर्ट तिला डॉक्टर सांगतील, मी सांगायचा नसतो.
ती विचारतही नाही.
काउंटरवर बोटं टेकून उभी,
अंगठा आणि तर्जनी, नखापासून पेरापर्यंत
माझ्या काचेवरचाच रंग.
मी म्हणते, तुझीही तपासणी करून घे, पाच मिनिटांचं काम.
ती म्हणते, मला न्हाई काय.
पाणी बी न्हाई जात.
मी म्हणते, म्हणूनच.

ती बराच वेळ फॉर्मकडं बघते.
मग विचारते, नाव कुठल्या भाषेत लिहू?
गेट पडलंय, गाडी येतेय.
मी पेन पुढं करते
आणि थांबते,
टेबल थरथरायचं थांबेपर्यंत.